एक सूत आत

आमच्या धंद्यात शतकं चढवतात. सहाशे वर्षांचा किल्ला असला की आठशे सांगायचा, आठशेचं देऊळ असलं की हजार. कागद कोणी मागत नाही. माणूस रजा टाकून, पोरंबाळं घेऊन, उन्हातान्हाचा आलेला असतो. त्याला कमी जुनं दाखवलं तर त्याला आपण फसलो असं वाटतं. मी बावीस वर्षं गाइड आहे आणि या बावीस वर्षांत आमच्या शहराभोवतीचा एकेक दगड मी शंभर-दोनशे वर्षांनी म्हातारा करून ठेवलाय. त्याचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते एकाच दगडाचं.

सहलीची बस सकाळी आठला सुटते. आधी टेकडीवरचा किल्ला. मग नदीकाठचा पडका किल्ला. तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पण स्वच्छतागृह आहे, म्हणून तो ऐतिहासिक. मग पायऱ्यांचा तलाव आणि सगळ्यात शेवटी मोठं देऊळ. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला हत्तींची रांग आहे. अकरा हत्ती. दहांचे चारही पाय जमिनीवर. सातव्यानं पुढचा उजवा पाय उचललाय. लोक बाकीचे दहा चालता चालता बघतात आणि सातव्यापाशी थांबतात.

तो सातवा हत्ती माझ्या बापानं घडवला.

माझा बाप पाथरवट. गल्लीत त्यांना ‘गुण्या’ म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. ती त्यांच्या खिशात कायम. दुकानात गेले तर दुकानदाराच्या फळीला लावून बघायचे आणि म्हणायचे, “तिरकी आहे रे.” माझ्या लग्नात त्यांनी स्टेजला गुण्या लावला होता. सासरे म्हणाले, “व्याही नवरा-नवरीलाही लावून बघतायत की काय?” बाबा म्हणाले, “त्यांचं नंतर कळेल.”

मी शाळेत होतो तेव्हा देवळाच्या भिंतीचा एक तुकडा ढासळला. सातव्या हत्तीचा चुरा झाला. दुरुस्तीवर जो साहेब आला त्यानं शहरातले सगळे पाथरवट बोलावले, प्रत्येकाला एक कान करायला सांगितला आणि बाबांचा कान निवडला. साडेचार महिने ते रोज जायचे. दगड निम्मा झाल्यावर कळलं की पुढच्या उजव्या पायाच्या जागी दगडाला नरम शीर आहे. पाय सरळ काढला तर तुटणार. बाबा दोन दिवस नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाय उचलला, म्हणजे शीर वगळून, वरच्या घट्ट दगडात तो दुमडून काढला. साहेब बघून म्हणाला, “बाकीच्यांशी जुळत नाही.” बाबा म्हणाले, “साहेब, दहाजण चालतायत. एखाद्याला काटा टोचला असेल.” साहेब हसला आणि राहू दे म्हणाला.

पण त्या साहेबाचा एक नियम होता. नवा दगड जुन्याच्या रांगेत बसवायचा, पण एक सूत आत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्याला कळू नये, पण बोट फिरवलं की लागावं. बाबांनी कारण विचारलं. साहेब म्हणाला, “उद्या कोणी अभ्यासाला आला तर तो फसायला नको. दुरुस्ती करायची, पण लबाडी करायची नाही.” हे वाक्य बाबांनी आयुष्यभर जपलं. घरात कोणी थाप मारली की म्हणायचे, “सूतभर तरी आत ठेव रे, समोरच्याला कळू दे.” मी मारायचो त्या थापा सपाट असायच्या.

नंतर तसं काम परत आलं नाही. साहेबाची बदली झाली. बाबांनी पुढची सगळी वर्षं स्वयंपाकघरांचे ओटे बसवले. शहरातल्या निम्म्या बायका माझ्या बापानं घासलेल्या दगडावर पोळ्या लाटतात. ओट्याच्या मापाला माणूस गेला की हातात चहाचा कप घेऊन बाई सांगते, “इथे गॅस, इथे मिक्सर.” हत्तीबद्दल कोण विचारणार?

मी गाइड झालो त्या पहिल्या आठवड्यात मी खरं सांगितलं होतं. हे मी माझ्या बाजूनं सांगतोय, बाकी माझ्या बाजूचं फार नाही. “हा सातवा हत्ती नंतरचा आहे, माझ्या वडिलांनी घडवलाय,” असं म्हणालो. एका गृहस्थानं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली केला. फोटो काढला नाही. बायकोला म्हणाला, “हा डुप्लिकेट आहे, पुढचा घेऊ.” दुसऱ्या दिवशी मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालो, “हाही नऊशे वर्षांचा.” कॅमेरे कटाकट वाजले.

माणसं म्हणतात, पोटासाठी खोटं बोलावं लागतं. माझं पोट त्या एका हत्तीवर चालत नव्हतं. खरं कारण घाणेरडं आहे. गाइड इस्त्रीचा शर्ट घालतो, गळ्यात पट्टा घालतो, लोक त्याला ‘सर’ म्हणतात. पाथरवटाचा पोरगा म्हटलं की तेच लोक माझ्या हातांकडे बघणार. मला ते नको होतं. बापाच्या हातांची मला लाज वाटायची. आता लिहिताना सोपं जातं. तेव्हा मी ते स्वतःशीही कबूल केलं नसतं.

आणि थाप एकदा रुजली की तिला फांद्या फुटतात. उचललेल्या पायाचं काहीतरी कारण सांगावं लागणारच ना? मी सांगू लागलो: हा राजाचा लाडका हत्ती. लढाईच्या दिवशी त्यानं पाय उचलला आणि खाली ठेवलाच नाही. राजानं ऐकलं नाही, गेला आणि हरला. मग शेवटी माझं खास वाक्य, ज्यासाठी मला बाकीचे गाइड ‘रेडिओ’ म्हणत आणि मनातून जळत: “आज यंत्रं आहेत, वीज आहे. पण आजचा एक पाथरवट आणा, त्यानं नुसता हा पाय करून दाखवावा, मी धंदा सोडून भाजी विकीन! आजच्या पाथरवटाला सांगा हत्ती कर, तो ओटा करून देईल!”

इथे लोक हसायचे. मग टाळ्या.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. बाबांनी काम सोडलं होतं. आयुष्यभर जी भुकटी नाकातोंडात गेली ती आता खोकल्याच्या रूपानं बाहेर पडायला बघत होती. एके दिवशी जेवताना म्हणाले, “शिंपी भेटला होता. त्याचे पाहुणे आले होते म्हणून तुझ्या बसनं गेला होता.”

माझा घास हातातच राहिला.

“म्हणाला, तुमचा पोरगा त्या हत्तीचं काय कौतुक करतो हो! पाहुणे खूश झाले. खरंच सांगतोस हत्तीचं?”

“सांगतो ना.”

“काय सांगतोस?”

“कौतुक करतो.”

त्यांनी ताट पुढे केलं. मग आईला म्हणाले, “वाढ गं अजून थोडा भात.” कित्येक महिन्यांत त्यांनी काही मागून घेतलं नव्हतं. आई माझ्याकडे बघून हसली. मी ताटात बघितलं. बाबांना वाटलं होतं की मी रोज त्यांचं नाव घेतो. शिंप्यानं तसं म्हटलं नव्हतं, मीही म्हटलं नव्हतं. पण मी दुरुस्तही केलं नाही.

दोन आठवड्यांनी सकाळी बसमध्ये चढलो तर शेवटच्या सीटवर बाबा. ट्रंकेतला पांढरा शर्ट, दाढी केलेली, हातात तिकीट. मला बघून त्यांनी हात वर केला नाही, ओळख दाखवली नाही. माझ्या कामात अडथळा नको म्हणून अनोळखी माणसासारखे खिडकीबाहेर बघत बसले. पण चेहरा? पोरानं बक्षीस मिळवलंय आणि आपण गर्दीत उभे आहोत, असा.

आमच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात. त्यांनी आरशातून बघितलं. “रेडिओ, वडील आलेत.”

“बघितलं.”

“बापानं तिकीट काढलं आणि तू काढू दिलंस?”

“मला कुठे माहीत होतं, मामा?”

मामा आमच्या गल्लीतले. त्यांना सगळं ठाऊक. गाडी सुरू करता करता हळूच म्हणाले, “आज तरी खरं सांगून टाक, लेका. एक दिवस नऊशे वर्षं कमी सांगितली म्हणून देऊळ पडत नाही.”

“बघू.”

“बघू काय? डोळे उघडे ठेवून बघ.”

माझ्याकडे चार तास होते. टेकडीवरच्या किल्ल्यावर मी मनात वाक्य जुळवलं. पडक्या किल्ल्यावर ते मोडलं. तलावाच्या पायऱ्यांवर बाबा धापा टाकत मागे राहिले, तेव्हा ठरवलं, सांगायचं. त्या दिवशी बसमध्ये एक प्राध्यापक होते, वही घेऊन आलेले. सकाळपासून ते माझं प्रत्येक वाक्य लिहून घेत होते आणि मला ‘सर, सर’ करत होते. देवळापाशी ते पहिल्या रांगेत उभे राहिले. बाबा सगळ्यांच्या मागे, टाचा उंचावून.

मी सातव्या हत्तीवर हात ठेवला. तोंड उघडलं आणि रेडिओ वाजला. लढाई, राजा, नऊशे वर्षं. थांबता आलं असतं. प्रत्येक वाक्यानंतर थांबता आलं असतं. “आजच्या पाथरवटाला सांगा हत्ती कर, तो ओटा करून देईल!” लोक हसले. प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं.

टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्यावर मागून दोन-तीन टाळ्या आल्या, उशिरा, जड हातांच्या. पाथरवटाचे हात एकमेकांवर आपटले की लाकडावर लाकूड वाजल्यासारखं वाजतं. मी मान वर केली नाही.

लोक चहाला गेले. बाबा भिंतीपाशी आले. हत्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “आवाज चांगला आहे तुझा. शेवटपर्यंत ऐकू येतो.”

एवढंच. बसमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. “काय सांगितलंस तिथे?”

“नेहमीचंच.”

“नेहमीचं म्हणजे काय? यांनी येऊन शर्ट काढला, घडी केली, परत ट्रंकेत ठेवला. मी म्हटलं धुते, तर म्हणाले, राहू दे, मळला नाही. काय सांगितलंस?”

मी सांगितलं. ओट्याच्या विनोदासकट सांगितलं. आई त्याच ओट्याला टेकून उभी होती, बाबांनीच बसवलेल्या.

“बापाचं नाव घेताना जीभ झडत होती तुझी?” आई म्हणाली. “एवढी बडबड करतोस दिवसभर. मेलेल्या राजांची नावं तोंडपाठ आहेत तुला.” आणि तिनं माझ्याकडे पाठ केली. ती महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. बाबा मात्र नेहमीसारखे बोलायचे. जेवलास का, पंखा बंद कर, बस वेळेवर आली का. त्यांनी भांडण काढलं असतं तर मी माफी तरी मागितली असती. ते विचारत नव्हते म्हणून मी मागत नव्हतो. असे आम्ही पाच महिने काढले.

मग डॉक्टरांनी फोटो काढला आणि फुप्फुसं दाखवली. म्हणाले, भुकटी बसलीये, आता निघणार नाही. घरी येताना बाबा म्हणाले, “म्हणजे आत दगडच झालाय म्हणायचा. घडवायला कोणाला तरी बोलवा.” आई हसली नाही. मी हसलो.

त्या आठवड्यात मी म्हणालो, “बाबा, रविवारी बसमधून चला.”

“कशाला? बघितलंय.”

“चला तर. तुम्ही खाली उतरू नका कुठे. शेवटी देवळापाशी फक्त उतरा.”

“शेवटचं दर्शन घडवतोस की काय?”

“बाबा!”

“बरं, बरं. येतो.”

मामांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. दोन्ही किल्ले आणि तलाव त्यांनी बसमधूनच बघितले. देवळापाशी मी त्यांना हाताला धरून जोत्यावर बसवलं, सातव्या हत्तीच्या बरोबर समोर. पस्तीसएक लोक होते. एक बाई हत्तीच्या सोंडेवर हात फिरवत उभी होती, आपल्या लहान मुलीचा हातही तिनं त्यावर ठेवला होता.

मी म्हणालो, “मंडळी, आज मी तुम्हाला एक खरी गोष्ट सांगतो. हा सातवा हत्ती नऊशे वर्षांचा नाही. तीस-बत्तीस वर्षांचा आहे. जुना फुटला. हा माझ्या वडिलांनी घडवला. ते पाथरवट आहेत. ते इथेच बसलेत.”

माझा आवाज त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकू गेला नसावा, कारण मागून कोणीतरी विचारलं, “काय म्हणाला?” आणि दुसरा म्हणाला, “हा नकली आहे म्हणे.”

बाईनं सोंडेवरचा हात काढला. मुलीचाही काढला. अगदी सहज. रंग ओला आहे असं कोणी सांगितलं की काढतात तसा.

“थट्टा करताय ना?” एकजण म्हणाला. “माहितीपत्रकात तर फोटो याचाच आहे.”

“थट्टा नाही. इकडे या, बोट फिरवा. इथे, या सांध्यावर. लागतंय? हा दगड एक सूत आत आहे. दुरुस्ती ओळखू यावी म्हणून मुद्दाम ठेवलाय.”

त्यानं बोट फिरवलं. “हो, लागतंय खरं.” मग तो जोत्याकडे वळला. “काय हो आजोबा, खरंच तुम्ही केलाय हा?”

सगळे वळले. पस्तीस माणसं माझ्या बापाकडे बघत होती. याच्यासाठीच मी त्यांना आणलं होतं. बाबांनी लोकांकडे बघितलं, मग त्या बाईच्या हाताकडे. तिनं तो पदरात गुंडाळून घेतला होता. मग हत्तीकडे.

“नाही हो,” ते म्हणाले. “मी कुठला? मी ओटे करायचो. पोरगा थट्टा करतो.”

“मग हा दगड आत कसा?”

“जुनी भिंत आहे. नऊशे वर्षांत दगड सरकणार नाही तर काय?” त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर ते मला म्हणाले, “सांग ना रे ती राजाची गोष्ट. छान सांगतोस.”

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, “गाइड भारी आहे राव, पार फिरकी घेतली आपली!” कॅमेरे निघाले. ती बाई परत पुढे झाली आणि मुलीचा हात तिनं हत्तीच्या उचललेल्या पायावर ठेवला. मी राजाची गोष्ट सांगितली. ओट्याचं वाक्य गाळलं. ते गाळलं एवढंच त्या दिवशी माझ्याकडून झालं.

परतताना मी बाबांच्या पायाशी, बसच्या पायरीवर बसलो. “असं का केलंत?”

“काय केलं?”

“खोटं बोललात.”

“त्यांनी हात काढून घेतला रे,” बाबा म्हणाले. “बघितलंस ना? चांगला हात ठेवला होता.” बराच वेळ श्वास जमवत राहिले. “हत्तीचा काय दोष त्यात? तो चांगला झालाय. माझ्या नावापायी त्याला कशाला उतरवायचा?”

“पण तुम्हाला हवं होतं ना मी सांगावं.”

“हवं होतं. तेव्हा हवं होतं.” मग त्यांनी मामांना विचारलं, “मामा, ब्रेक कधी दाखवला होता? आवाज करतोय.” मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “दाखवतो, दाखवतो.”

बाबा त्यानंतर सात आठवडे होते. हत्तीचा विषय आमच्यात परत निघाला नाही. मी काढला असता तर निघाला असता.

आता मी देवळाची फेरी उलटी करतो. मागच्या दारापासून सुरू केली की हत्ती अकरापासून येतात आणि लोकांना सातवा कितवा ते कळत नाही. तरी थांबतात. पाय बघतात, हात फिरवतात, पोरांचे फोटो काढतात. मी नऊशे वर्षं म्हणत नाही आणि तीसही म्हणत नाही. खरं सांगितलं तर पस्तीस माणसांसमोर माझा बाप खोटा पडला, असं मला वाटतं. खोटं सांगायला आता जीभ वळत नाही. मी गप्प उभा राहतो; लोकांना वाटतं, गाइड दमला.

कोणी केलं, हे सहसा कोणी विचारत नाही. कधी केलं, किती जुनं, आत खजिना आहे का, एवढंच. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं. चष्मा लावून, वाकून, उचललेल्या पायाच्या खालच्या बाजूला बोट घालून ती म्हणाली, “इथे खालूनसुद्धा घासलंय बघा. इथे कोण बघणार होतं? कोण हो हा माणूस?”

माझ्या तोंडाशी नाव आलं होतं.

“माहीत नाही, आजी,” मी म्हणालो. “नाव कुठे लिहिलेलं नाही.”

“अरेरे,” ती म्हणाली, आणि हळूहळू पुढच्या हत्तीकडे गेली.